लिंगओळख शिकवल्याने मुलं बदलतात?

पालकांना जागं करणारा एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: शाळेत लिंगओळखीबद्दल, म्हणजे आपण मुलगा की मुलगी या स्वतःच्या जाणिवेबद्दल, शिकवलं की मुलगा स्वतःला मुलगी समजू लागतो, ज्यांना काही कळत नाही अशा पोरांचा गोंधळ उडतो, शेवट इस्पितळात होतो, आणि हा विषय घरचा आहे, शाळेने त्यात पडू नये. पाठवणाऱ्यांची काळजी खरी असते, म्हणूनच एकेक मुद्दा नीट बघायला हवा.

शिकवल्याने ओळख बदलते, हा पहिला दावा. हे प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं आहे. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या जुळ्या मुलग्यांपैकी एकाचं लिंग सुंता करताना भाजून निकामी झालं. मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने, तो दोन वर्षांचाही नसताना शस्त्रक्रिया करून त्याला मुलगी म्हणून वाढवलं. मुलीचं नाव, फ्रॉक, बाहुल्या, पुढे संप्रेरकंही (हार्मोन्स) दिली. जन्माची हकिकत त्याच्यापासून लपवली. प्रयोग यशस्वी झाल्याचं मनी सांगत राहिले. इकडे पोर अंगावरचा फ्रॉक ओरबाडायचं, शाळेत एकटं पडायचं. किशोरवयात त्याने पुढचे उपचार नाकारले, तेव्हा कुठे वडिलांनी खरं सांगितलं. त्यानंतर तो डेव्हिड रायमर म्हणून, पुरुष म्हणून जगला. २००४ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. घर, डॉक्टर आणि औषधं वर्षानुवर्षं एकाच दिशेने लागूनही जे साधलं नाही, ते शाळेतल्या एका तासाने कसं साधेल?

एका मुलावरून सगळं सिद्ध होत नाही, मान्य. मग उलट बाजू बघा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या ‘कलम २८’ने स्थानिक प्रशासनांना समलैंगिकतेचा प्रसार करायला बंदी घातली आणि शाळांमधले शिक्षक धास्तीने गप्प बसले. विषय लैंगिक कलाचा, म्हणजे कुणाला कुणाचं आकर्षण वाटतं याचा होता, पण शिकवलं की मुलं तशी होतात, हा तर्क तोच होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते कलम २००३ पर्यंत टिकलं. त्या काळात शिकलेल्या मुलांमध्येही समलैंगिक मुलं होतीच. फक्त त्यांना छळणाऱ्यांना अडवायची हिंमत फार थोड्या शिक्षकांना झाली.

लहान मुलांना कळत नाही म्हणावं, तर दोन-तीन वर्षांचं मूल ‘मी मुलगा’, ‘मी मुलगी’ असं आपण होऊन सांगतं. केस कापले की मुलीचा मुलगा होतो, असं चार वर्षांच्या मुलाला वाटू शकतं; केस-कपड्यांनी मुलीचा मुलगा होत नाही, ही समज सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होत जाते. म्हणजे मुलं हा विचार करतच असतात. ‘मुलगा असून रडतोस काय?’ हेही लिंगभावाचंच शिक्षण आहे, आणि ते आपण बिनदिक्कत देतो. वयाला साजेशा धड्यात काय असतं? वर्गातल्या लांब केसांच्या मुलाला कुणीतरी विचारतं, ‘तू नक्की कोण?’ सगळे हसतात. बाई हसणं थांबवतात आणि सांगतात की केस, कपडे, खेळ कुणाचेही कसेही असू शकतात. काहींना मोठं होताना आपली ओळख जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळी वाटते, आणि त्यासाठी कुणाला चिडवायचं नाही. एवढ्याने कुणाचा गोंधळ उडत नाही. चिडवतील म्हणून दिवसभर लघवी दाबून बसणाऱ्या पोराला मात्र सुटल्यासारखं वाटतं.

इस्पितळाचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. अल्पवयीनांना वयात येणं लांबवणारी औषधं द्यावीत का, यावर खरा वाद आहे, इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांच्या २०२४ च्या अहवालाने पुराव्याच्या कमकुवतपणावर बोट ठेवलं. पण तो निर्णय दवाखान्यातला आहे. वर्गात कुणी औषध लिहून देत नाही. आणि आपली ओळख जन्माच्या नोंदीपेक्षा वेगळी वाटणं हा ज्यांना मुळातच मनोविकार वाटतो त्यांच्यासाठी: २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ही बाब मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढलेली आहे.

राहिला ‘घरचा विषय’. घरी बोलाच, शाळेपेक्षा आधी बोला. पण छळ होतो तो वर्गात, मधल्या सुट्टीत, स्वच्छतागृहाच्या दारात. तिथे आईवडील नसतात, शिक्षक असतात. शाळा काय शिकवते याची शंका असेल तर धडा मागून घ्या, पहिल्या ओळीपासून वाचा, आणि जी ओळ खटकेल तिच्यावर बोट ठेवून शिक्षकांशी बोला.