मिरजेच्या कथा, मुक्काम डब्लिन

दिवाळी अंकांतल्या कथांवर मराठी वाचकांच्या एका गटात चर्चा चालू असताना एका गृहस्थांनी निकाल देऊन टाकला की, परदेशात स्थायिक झालेल्यांनी गावाकडच्या कथा लिहिणे आता थांबवावे, कारण त्यांचे गाव ते निघाले त्या दिवशीच थांबलेले असते. अनेकांनी दुजोरा दिला. मी डब्लिनमध्ये राहते आणि मिरजेच्या कथा लिहिते, त्यामुळे हे बोलणे मला झोंबले. पण झोंबले म्हणून ते खरे ठरत नाही.

आयरिश लेखक जेम्स जॉइसने 1904 साली, बाविसाव्या वर्षी, डब्लिन सोडले आणि 'डब्लिनर्स' या संग्रहातल्या पंधरांपैकी बहुतेक कथा आज इटलीत असलेल्या त्रिएस्तमध्ये बसून लिहिल्या. 1905 साली त्याने भावाला पत्र पाठवून विचारले की, डब्लिनच्या सिडनी परेड स्टेशनावर अपघात झाला तर शहराची रुग्णवाहिका तिथवर येईल का आणि जखमीला व्हिन्सेंट्स रुग्णालयात नेतील का. छापील कथेत आगगाडीखाली सापडलेल्या बाईच्या मृत्यूची चौकशी सिटी ऑफ डब्लिन हॉस्पिटलमध्ये होते. खऱ्या दुकानांची आणि दारूच्या गुत्त्यांची नावे त्याने बदलावीत म्हणून प्रकाशक अडून बसले, 1912 साली छापलेली पाने नष्ट करण्यात आली, आणि पुस्तक 1914 साली निघाले. (आता हेच शहर त्याचा चेहरा मगांवर छापून विकते.)

मायदेशी बसून लिहिणाऱ्यांपैकी इतकी चौकशी कितीजण करतात? यंदा वाचलेल्या कथांमधल्या कितीतरी कथा 'एका छोट्या शहरात' घडतात, ज्याला ना नदी आहे ना नाका. खानोलकर मुंबईत राहून कोकण लिहीत होते, तेव्हा त्यांना कोणी कुडाळचा रहिवासी दाखला मागितला नव्हता. पंढरपूरला जाणारी बार्शी लाईटची छोटी गाडी मिरजेहून संध्याकाळी किती वाजता सुटायची, हे मी भावाला विचारते. तो वैतागतो, पण जुन्या माणसांना गाठून सांगतो.

खरे तर त्या गृहस्थांनी मला वेगळेच विचारायला हवे होते: जिथे राहतेस तिथली कथा का लिहीत नाहीस? रोज डार्टने, म्हणजे इथल्या लोकलने, सिडनी परेडवरून जाताना मला आठवते ती जॉइसची बाई, माझ्या ओळखीचे कोणी नाही. मिरजेत सतारमेकर गल्लीतल्या कोणत्या दोन भावांनी एकमेकांशी बोलणे टाकले आणि कशावरून, हे मला न विचारता कळत असे. इथली माणसे माझ्याशी नेहमी चांगली वागतात, आणि बहुधा म्हणूनच त्यांची भांडणे माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. शेजारणीच्या स्वयंपाकघरात मी आजवर बोलावल्याशिवाय गेलेली नाही. तिथे माझ्या माघारी काय बोलले जाते हे ठाऊक नसताना एखादे पात्र डब्लिनच्या रॅथमाइन्स भागात राहते असे मी लिहिले, तर तो नुसता पत्ता होईल.