“हंडे वाजवून पाणी येत नसतं” : एका प्रतिक्रियेला उत्तर

गोरेगावच्या समाजवादी नेत्या मृणालताई गोरे यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘जुना गोरेगावकर’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी होणार होते. पण तीन दिवस झाले, ती डोक्यातून जात नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या गोरेगावकरांचं म्हणणं असं की माझा लेख म्हणजे आरती आहे. मी एक साल चुकवलं आहे. १९८८ च्या गर्भलिंग चाचणीच्या कायद्याने काहीच साधलं नाही. दिंडोशीच्या नागरी निवारा वसाहतीतली घरं आज बाजारभावाने विकली जातात, मग गरिबांचं भलं ते काय झालं? आणि पाण्याबद्दलचं त्यांचं वाक्य जसंच्या तसं देते : “बायकांनी हंडे वाजवून पाणी येत नसतं. पाणी धरणातून येतं, आणि धरणं इंजिनियर बांधतात.”

आधी चूक कबूल करते. मृणालताई १९६१ ला आमदार झाल्या असं मी लिहिलं होतं. ते चुकलं. १९६१ ला त्या मुंबई महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून आल्या, विधानसभेत गेल्या त्या १९७२ ला. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल तुमचे आभार, आणि हे आभार मनापासून आहेत.

पण ती चूक दाखवताना “लिहायला बसण्याआधी निदान एवढं तरी बघायचं, बाई” असं लिहायची काय गरज होती? ‘बाई’ या शब्दावर माझा राग नाही. मृणालताईंना सगळी मुंबई ‘पाणीवाली बाई’ म्हणायची आणि त्यात माया असायची. तुमच्या ‘बाई’त ती नाही. एकच शब्द, पण तो कुठून येतो हे ऐकणाऱ्याला कळतं. मी या जागेवर बारा वर्षं लिहिते आहे. मतभेद असलेले कितीतरी वाचक इथे येतात, भांडतात, नाव लावून भांडतात. तुम्ही नाव लावलं नाहीत, तो तुमचा हक्क. पण टोपणनावाच्या आडून एखाद्याला शहाणपण शिकवायला निघालात की निदान आवाज तरी खाली ठेवावा.

आता ते वाक्य.

धरणं इंजिनियर बांधतात हे मला माहीत आहे. वैतरणेवरच्या धरणाला मोडक सागर म्हणतात ते एका इंजिनियरच्याच नावावरून, आणि त्या माणसाबद्दल मला आदर आहे. ते धरण पुरं झालं १९५७ मध्ये. गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं तेही १९५७ मध्येच. तोवर आमच्याकडे ग्रामपंचायत होती, आणि मृणालताई त्या पंचायतीपासून काम करत होत्या. म्हणजे ज्या वर्षी वैतरणेचं पाणी मुंबईला मिळालं त्याच वर्षी आम्ही मुंबईकर झालो. तुमच्या हिशेबाने त्याच वर्षी आमच्या घरात पाणी यायला हवं होतं.

माझा जन्म १९६० चा, गोरेगाव पूर्वेचा. आरे कॉलनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमची बैठी चाळ होती, बावीस खोल्यांची. मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत आमच्या चाळीत नळ नव्हता. डोंगराच्या पलीकडे विहार आणि तुळशी हे दोन तलाव, एक १८६० चा आणि दुसरा १८७९ चा. पाऊस लागला की ते भरून वाहायचे. तानसा होतं, वैतरणा होतं. धरणांत पाणी होतं, आमच्या हंड्यात नव्हतं. मधलं अंतर कोणी कापायचं होतं? इंजिनियरने? त्याला पाइप कुठे न्यायचा हे कोणीतरी सांगावं लागतं. कुठली वस्ती आधी, कुठली नंतर आणि कुठली कधीच नाही, हे धरणाच्या भिंतीवर ठरत नाही. ते सभागृहात ठरतं. आणि सभागृहात बसलेल्यांना तहान लागत नसेल तर दाराबाहेर हंडे वाजवावे लागतात.

माझी आई पहाटे तीनला उठायची. पाळी लावायची म्हणजे रिकामी कळशी आदल्या रात्रीच रांगेत ठेवून यायची, आणि पहाटे ती तिथेच आहे ना हे बघायला धावायचं. दोन गल्ल्या पलीकडे एक सार्वजनिक नळ होता, त्याला करंगळीएवढी धार. एका घराला दोन हंडे. तिसरा भरायला गेलं की भांडण. आईच्या डोक्यावर, भांगाच्या जरा मागे, रुपयाएवढी जागा गुळगुळीत झाली होती. चुंबळ बसून बसून तिथले केस गेले ते परत आले नाहीत. म्हातारपणी मी तिला न्हाऊ घालायचे तेव्हा ती जागा बोटांना लागायची. तिच्या अंगावर सगळीकडे सुरकुत्या होत्या, तेवढ्या जागी नव्हत्या.

हीच बाई हंडा वाजवायला गेली होती, गोरेगावकर. तुमच्या वाक्यातल्या ‘बायका’ म्हणजे ती.

मोर्चाच्या आधी चाळीतल्या चौघीजणी एका कचेरीत अर्ज घेऊन गेल्या होत्या, आईचं बोट धरून मीही. टेबलामागच्या माणसाने अर्ज वाचलासुद्धा नाही. “जागा अधिकृत आहे का? नाही ना? मग पाणी मागता कसं?” एवढं बोलून तो पानाला चुना लावत बसला. आईला उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत ती गप्प होती. पुढे एका सभेत मृणालताईंनी आमच्या वस्तीतल्या बायकांना जे सांगितलं ते आई मरेपर्यंत सांगायची. शब्द असेच होते असं मी म्हणत नाही, पण अर्थ हाच : जागा कोणाची याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल, तहान त्याच्यासाठी थांबत नाही. त्या दिवशी आईला उत्तर मिळालं. पुढच्या वेळी त्याच टेबलासमोर तिने ते दिलं.

हे आज सोपं वाटतं. तेव्हा नव्हतं. झोपडीला पाणी दिलं की झोपडीला मान्यता मिळते, म्हणून पाणीच द्यायचं नाही, हा विचार या शहरात पन्नास वर्षं चालला. कुठल्या सालाआधीची झोपडी ‘पात्र’ यावर पाण्याचा हक्क ठरत राहिला. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी पूर्ण नाकारता येत नाही. २०१४! मृणालताई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांनी हे साठच्या दशकात रस्त्यावर सांगितलं, महापालिकेत सांगितलं आणि पुढे विधानसभेत सांगितलं. तुम्ही याला स्थानिक प्रश्न म्हणता, नळाचं राजकारण म्हणता. मी याला नागरी हक्क म्हणते. नागरिक असण्याची सुरुवात मतपेटीपाशी होत असेल तुमच्याकडे. आमच्याकडे ती नळापाशी झाली.

आमच्या चाळीच्या तोंडाशी नळ आला त्या दिवशी आईने त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. तो नळ एकट्या मृणालताईंनी आणला असं मी लेखात कुठेही लिहिलेलं नाही. पुन्हा वाचा. त्यांच्यामागे शेकडो बायका होत्या एवढंच लिहिलंय, आणि नेमकं तेच तुम्हाला खटकलेलं दिसतं.

तुमच्या प्रतिक्रियेत आणखी एक शब्द आहे, ‘स्टंट’. महागाईविरुद्ध बायकांनी लाटणी हातात घेऊन काढलेला लाटणे मोर्चा हा स्टंट होता म्हणे. १९७२ चा दुष्काळ तुम्ही पाहिला असेल तर रेशनच्या रांगा आठवत असतील, रॉकेलच्या आठवत असतील. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती तेव्हाची. त्यात मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, कमलताई देसाई. एक समाजवादी, दुसरी कम्युनिस्ट, पण लाटणं सगळ्यांचं एकच. आई मोर्चाला गेली तेव्हा घरात एकच लाटणं होतं, ते घेऊन गेली. संध्याकाळी परत आली, हात धुतले आणि त्याच लाटण्याने पोळ्या लाटायला बसली. कारण आम्ही चार पोरं भुकेली होतो. स्टंट करणारे लोक संध्याकाळी काय करतात मला माहीत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. त्यांत नवीन काही नाही.

गर्भलिंग चाचणीच्या कायद्याचं म्हणाल तर तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. ते पाहून मलाही झोप लागत नाही. पण १९८५ ला मृणालताई पुन्हा विधानसभेत आल्या आणि या चाचणीविरुद्ध त्यांनी अशासकीय विधेयक मांडलं, तेव्हा देशात असा एकही कायदा नव्हता. बाहेर स्त्री संघटना आणि काही डॉक्टर लढत होते, आत त्या. १९८८ ला महाराष्ट्राचा कायदा झाला, त्यानंतर सहा वर्षांनी दिल्लीने केला. त्यात त्रुटी होत्या, चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही त्यात ओढलं होतं, हे सगळं मान्य.

पण १९८४ मध्ये मी स्वतः माझ्या जावेबरोबर एका दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले होते. तिला दोन मुली होत्या. आत चाचणीचा निकाल सांगत होते आणि बाहेर माझ्या हातात तिची पिशवी. भिंतीवर त्या चाचणीची पाटी होती, रंगवलेली, दरासकट. आज थोडे पैसे घाला आणि पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या असायच्या. कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. कायदा झाल्यावर ती पाटी उतरली. पाटी उतरली म्हणून पाप थांबलं नाही, हे तुमचं खरं आहे. पण ते पाप आहे हे सरकारने पहिल्यांदा लिहून दिलं. जाऊबाई त्या दिवशी पायऱ्या उतरून आली तेव्हा तिला सांगायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. ‘काहीच साधलं नाही’ हे वाक्य ज्याला त्या पायऱ्यांवर बसावं लागलं नाही त्याने लिहिलेलं आहे. माफ करा, पण मला ते तसंच दिसतं.

नागरी निवाऱ्याबद्दल दोनच वाक्यं. मर्यादेपेक्षा जास्त जमीन एकाच्या हाती राहू नये म्हणून केलेल्या १९७६ च्या जमीन कमाल मर्यादा कायद्यातली जागा बिल्डरच्या घशात जाऊ न देता बाबूराव सामंत, प. बा. सामंत आणि मृणालताईंनी तिथे सहा हजारांहून अधिक घरं उभी केली, कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी. तिथल्या नातवाने आज घर विकलं तर त्याचा जाब तुम्ही ताईंना विचारणार असाल, तर माझ्याकडे उत्तर नाही.

‘आरती’ म्हणालात. मृणालताईंच्या कुठल्याच निर्णयावर टीका होऊ नये असं माझं म्हणणं नाही. १९७७ ला मृणालताई लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात” अशी घोषणा घुमली. आम्हीही गल्लीत ती देत नाचलो. पण जनता पक्षाने पुढे जे केलं त्याबद्दल त्यांनाही प्रश्न विचारायला हवे होते, असं माझ्या वडिलांचं मत होतं, आणि आज मलाही ते पटतं. तुम्ही त्याबद्दल लिहिलं असतंत तर मी तुमच्याशी बसून बोलले असते. तुम्ही लिहिलंत हंड्यांबद्दल.

तेव्हा माझाही तुम्हाला एक प्रश्न आहे, आणि तो मी खरोखर विचारते आहे. तुम्ही जुने गोरेगावकर आहात असं म्हणता. साठच्या दशकात तुमचं घर कुठल्या बाजूला होतं? तुमच्याकडे नळ केव्हा आला? आणि तो येण्याआधी तुमच्या घरात पाणी कोण भरायचं? नाव नका लावू हवं तर. एवढं मात्र लिहा.