धडधड, केळी आणि गोळ्यांचं पाकीट

हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की पहाटे पाचला यवतेश्वरच्या घाटात माणसं दिसू लागतात, आणि त्याच सुमारास मोबाइलवर तो मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘व्यायाम करणाऱ्यांनो, छातीत धडधड होते? ठोका चुकतो? पायात गोळे येतात? घामावाटे पोटॅशियम निघून गेलंय. रोज दोन केळी, एक शहाळं, आणि साध्या मिठाऐवजी पोटॅशियमवालं मीठ. आठ दिवसांत ठोके सरळ. ईसीजीच्या भानगडीत पडू नका.’

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात वीसेक वर्षं लॅबमध्ये रक्त तपासतोय आणि रविवारी अजिंक्यतारा चढतो, एवढाच माझा अधिकार.

मेसेज सगळाच खोटा असता तर एका ओळीत उडवून लावला असता. पोटॅशियम आणि हृदयाचा ठोका यांचं नातं खरंच आहे. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं लागतं. ३ च्या खाली गेलं की एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला हृदयाच्या पेशींना जास्त वेळ लागतो आणि मध्येच भलतीकडून ठोका उठू शकतो. ईसीजीवर टी लाट चपटी होते, तिच्यामागे यू नावाची एक छोटी लाट दिसू लागते. फारच खाली गेलं तर जिवावर बेततं. इथपर्यंत मेसेजवाल्याशी माझं जमतं.

पण घामावाटे? हिशोब करूनच बघू. एक लिटर घामात पोटॅशियम जातं साधारण २०० मिलिग्रॅम. घाट चढून-उतरून २१ किलोमीटर पळणाऱ्याचा दोन लिटर घाम धरला तर ४००. एका बऱ्यापैकी केळ्यात किंवा एका मध्यम बटाट्यात तेवढं असतं. उलट अंगात एकूण साठा किती, तर ७० किलोच्या माणसात १३० ग्रॅमच्या वर, त्यातलं ९८ टक्के पेशींच्या आत. आणि दिवसभराच्या जेवणातून मोठ्या माणसाच्या पोटात किमान ३५१० मिलिग्रॅम जावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रविवारचा घाम ही या हिशोबात चिल्लर आहे. घामातून खरं जातं ते सोडियम, पोटॅशियमच्या कितीतरी पट. शहाळ्यात नेमकं तेच कमी असतं. तासन्‌तास पळताना नुसतं पाणी आणि शहाळं ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो, फिट येऊ शकते. मेसेजात याचा उल्लेखही नाही.

गंमत म्हणजे पळताना रक्तातलं पोटॅशियम घटत नाही, वाढतं. चढावर जोर लावला की मांड्यांचे स्नायू ते बाहेर सोडतात. जीव तोडून पळणाऱ्याच्या रक्तात ते तेवढ्यापुरतं ६ च्याही वर जातं. एरवी असा आकडा यंत्रावर दिसला तर रिपोर्ट छापायच्या आधी मी डॉक्टरांना फोन लावतो. थांबलं की स्नायू ते परत ओढून घेतात आणि काही मिनिटांत आकडा पूर्वपदावर येतो, कधी थोडा खालीही उतरतो. ती मिनिटं हृदयाला जरा नाजूक असतात, शिवाय रक्त पायांत साचलेलं असतं. म्हणून शेवटची रेषा ओलांडली की फोटोसाठी गपकन उभं राहू नये, चालत राहावं.

मग माझ्या यंत्रावर २.८, २.९ असे आकडे कुणाचे येतात? घाटात पळून आलेल्यांचे सहसा नाहीत. चार दिवस जुलाब-उलट्या झालेल्यांचे येतात. बीपीसाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांचे येतात: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्युरोसेमाइड. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप वारंवार ओढला तरी पोटॅशियम रक्तातून पेशींत सरकतं. जिममध्ये चरबी जाळायला म्हणून गुपचूप क्लेनब्युटेरॉल घेतात, तेही याच जातीचं. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने जेष्ठमधाचा काढा घेणाऱ्याचंही उतरू शकतं, हे घरगुती औषधवाल्यांना पटत नाही. आणि मॅग्नेशियम कमी असेल तर वरून कितीही पोटॅशियम द्या, मूत्रपिंडं ते टिकू देत नाहीत.

जुलाब झाल्यावर ओआरएस देतात ते यासाठीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं आणि सोबत २.६ ग्रॅम साधं मीठही.

आता त्या मिठाविषयी, कारण माझा खरा राग तिथे आहे. केळ्याशी माझं भांडण नाही. मूत्रपिंडं धड असतील तर दोन काय, चार केळी खा. कोरेगावचा वाघ्या घेवडा तर त्याहून सरस. तो राजम्याच्याच कुळातला, आणि वाळल्या राजम्यात १०० ग्रॅमला १४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. पण ‘पोटॅशियमवालं मीठ’ म्हणजे सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी घातलेलं पोटॅशियम क्लोराइड. ते आमटीत, भाजीत, भाकरीत, दिवसातून तीनदा पोटात जातं.

आमच्यासोबत गड चढणारे एक काका आहेत. साठीच्या पुढचे, मधुमेह जुना, बीपीला टेल्मिसार्टन चालू. मेसेज वाचून त्यांनी घरातलं मीठ बदललं, शहाळ्याचा रतीब लावला. महिन्याभराने नेहमीच्या तपासणीत पोटॅशियम ५.९.

“भाऊ, धडधडीवर म्हणून तर घेत होतो की!” काका म्हणाले.

नमुना हाताळताना चूक झाली असेल असं आधी वाटलं. मूठ आवळून रक्त दिलं, ओढताना पेशी फुटल्या, किंवा बाटली बर्फात ठेवून लांबून आणली, की आकडा खोटाच वर जातो. म्हणून पुन्हा रक्त घेतलं. तेच. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या पोटॅशियम अंगात राखून ठेवतात, आणि मधुमेहात मूत्रपिंडं मंदावलेली असतील तर जास्तीचं बाहेर पडायला वाटच उरत नाही. वाढलेलं पोटॅशियमही ठोका बिघडवतं, आणि आधी सूचना देईलच असं नाही. काकांच्या डॉक्टरांनी मीठ आणि शहाळं बंद करायला लावलं, गोळीचं काय करायचं ते त्यांनी ठरवलं. तुमच्या पाकिटावर यातलं नाव दिसलं म्हणून गोळी मनाने सोडू नका. नवीन मीठ आणण्याआधी मात्र ते पाकीट डॉक्टरांना दाखवा. कित्येक पाकिटांत राखणारं आणि घालवणारं अशी दोन्ही औषधं एकाच गोळीत असतात. बाहेरून कुणालाच अंदाज लागत नाही.

पायात गोळे येण्याचं लवकर उरकतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत पेटके आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं रक्त तपासून पाहिलंय, पोटॅशियममध्ये फरक सापडला नाही. सवयीपेक्षा जास्त पळून दमलेला स्नायू हे जास्त पटणारं कारण आहे.

राहिली ईसीजीची भानगड. ठोका चुकला असं वाटतं तेव्हा बहुतेकदा तो चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. मग जरा थांबा, आणि पुढचा ठोका दणकन. निरोगी हृदयातही असे ठोके येतात: जागरण, ताप, जास्तीचा चहा. बसल्यावर जाणवतात आणि पळायला लागलं की जातात, असे बहुधा निरुपद्रवी. श्रम वाढले की वाढतात ते तसे नव्हेत. पळताना चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यातलं काही असेल तर त्या दिवशीच पळणं बंद आणि दवाखाना. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्या मध्यमवयीन माणसांत एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा विकार बरोबरीच्यांपेक्षा जास्त आढळतो. त्यात नाडीला ताल म्हणून राहत नाही, हृदयात रक्ताची गुठळी धरू शकते. त्यावर केळं काय करणार? रक्तक्षय आणि गरजेपेक्षा जास्त काम करणारी थायरॉइड ग्रंथीही धडधड करतात, आणि ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं.

काकांचं पोटॅशियम पंधरा दिवसांनी ४.७ आलं. धडधड होतीच. मग चोवीस तास छातीला होल्टर, म्हणजे ठोके सतत नोंदवणारं यंत्र, लावला, त्यात ते वेळेआधीचे ठोके निघाले, दिवसाला काहीशे. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चांगला आला. डॉक्टरांनी गडाला परवानगी दिली, रात्रीचा दहाचा चहा बंद केला. परवा वाटेत भेटले तर पोटॅशियमबद्दल चकार शब्द नाही, चहाबद्दल मात्र डॉक्टरांना शिव्या घालत होते.