मुलगा गेल्यावर राजमातेने जायचं कुठे?

काश्मीरच्या राणी दिद्दाचा तो फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. 500 सैनिक, 45 मिनिटं आणि गझनीच्या महमूदचा धुव्वा. वाचून छाती फुगते खरी, पण दिद्दा 1003 मध्ये वारली आणि महमूद काश्मीरच्या वाटेला गेला तो त्यानंतर दहाएक वर्षांनी. पुंछजवळचा लोहरचा किल्ला त्याला दोनदा येऊनही घेता आला नाही, हे बरोबर. किल्ल्याची उंची आणि बर्फ दोन्ही त्याला आडवे आले. पण तेव्हा गादीवर दिद्दाचा भाचा संग्रामराज होता. न लढलेली लढाई तिच्या नावावर चढवायची आणि तिने खरोखर जे केलं त्याबद्दल अवघडून गप्प बसायचं, हे आपलं नेहमीचंच. मला त्या अवघडण्याबद्दल लिहायचंय.

तिच्या आधीची पन्नासेक वर्षं बघा. 902 मध्ये राजा शंकरवर्मा मेला. मुलगा गोपालवर्मा लहान, म्हणून आई सुगंधा कारभार बघू लागली. दोन वर्षांत मुलगाही गेला. सुगंधा स्वतः गादीवर बसली, तर तंत्रिन नावाच्या पायदळाने तिला 906 मध्ये खाली खेचलं. 914 मध्ये तिने परत यायचा प्रयत्न केला, तेव्हा पकडून ठार केलं. पुढे 948 मध्ये यशस्कर मेला. त्याचं पोर संग्रामदेव गादीवर आणि त्याला सांभाळायला आजी. वर्षभरात पर्वगुप्त नावाच्या मंत्र्याने त्या पोराला मारलं, गळ्यात दगड बांधून वितस्तेत, म्हणजे झेलमच्या पात्रात, टाकून दिलं आणि स्वतः राजा झाला.

हा पर्वगुप्त म्हणजे दिद्दाचा सासरा. अल्पवयीन राजाचं आणि त्याला सांभाळणाऱ्या बाईचं पुढे काय होतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सासरच्या वैभवाचा पायाच तो होता.

दिद्दा लोहरच्या सिंहराजाची मुलगी, काबूलच्या ‘शाही’ नावाच्या घराण्यातल्या भीमशाहीची नात. पायाने अधू. तिला उचलून न्यायला वल्गा नावाची बाई असायची. नवरा क्षेमगुप्त दारू, जुगार आणि कोल्ह्यांची शिकार यात रमलेला. त्याच्या नाण्यांवर ‘दि क्षेम’ अशी अक्षरं आहेत. आधी बायकोचं आद्याक्षर, मग राजाचं नाव. लोक त्याला ‘दिद्दाक्षेम’ म्हणून चिडवायचे. त्या काळात बायकोचं नाव नाण्यावर घालणारा नवरा नुसता बावळट असेल असं मला वाटत नाही, पण ते असो.

958 मध्ये क्षेमगुप्त मेला. राण्या सती जायला निघाल्या, दिद्दाही. फल्गुण नावाचा बडा मंत्री तिच्या विरोधातला. त्याची मुलगी चंद्रलेखा दिद्दाची सवत. त्याने दिद्दाला सती जायला तत्काळ होकार दिला. चितेजवळ तिचं मन फिरलं आणि नरवाहन नावाच्या दुसऱ्या मंत्र्याने तिला थांबवलं. मला या सगळ्या कथेत हा क्षण सगळ्यात राजकीय वाटतो. एकाला ती राख झालेली हवी होती, दुसऱ्याला जिवंत. तिचा मुलगा अभिमन्यू लहान होता, आणि आई चितेवर गेली असती तर तो फल्गुणाच्या हाती पडला असता. संग्रामदेवाचं काय झालं होतं ते आठवा.

लगेच बंड झालंच. महिमन् आणि त्याचे साथीदार चालून आले. दिद्दाने आधी पोराला शूरमठात सुरक्षित पाठवलं, मग ललितादित्यपूरच्या ब्राह्मणांना भरपूर सोनं वाटून बंडवाल्यांची एकी फोडली. कल्हण लिहितो की जिला गाईच्या खुराएवढा खळगा ओलांडता येणार नाही असं वाटत होतं, ती पांगळी मारुतीने समुद्र ओलांडावा तशी शत्रूसैन्य ओलांडून गेली. कल्हणाने राजतरंगिणी, म्हणजे काश्मीरच्या राजांचा इतिहास, लिहिली 1148च्या सुमारास, तिच्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. दिद्दा त्याला अजिबात आवडत नाही. तरी इथे त्याच्याकडून कौतुक निघून गेलंय.

फोडलेल्यांपैकी यशोधराला तिने सेनापती केलं. तो शाही प्रमुख ठक्कनावर चालून गेला, जिंकून आला, मग लाच खाल्ल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि दुसरं बंड झालं. या वेळी सोनं वाटलं नाही. हरलेल्या बंडखोरांपैकी इरम्मत्तकाच्या गळ्यात दगड बांधून त्याला वितस्तेत बुडवलं. तोच दगड, तीच नदी, फक्त बाजू बदललेली. गोपालवर्म्यापासून साठ वर्षं राजांना उलथवणारी जी मंडळी होती, त्यांची कुळंच्या कुळं तिने संपवली. आणि ज्या नरवाहनाने तिला चितेवरून परत आणलं, त्याचा तिने कान भरणाऱ्यांचं ऐकून इतका पाणउतारा केला की त्याने जीव दिला. सगळ्यात मोठी चूक म्हणाल तर ही. नंतर नाइलाजाने तिला फल्गुणालाच परत बोलवावं लागलं!

972 मध्ये अभिमन्यू क्षयाने गेला. खरा पेच इथे सुरू होतो. राजमातेचा सगळा अधिकार मुलाच्या नावावर. मुलगा गेला की ती कोण? आता आजी, आणि नातवाभोवती नवी माणसं जमणार. वर्षभर ती देवळं, मठ बांधत राहिली, मुलाच्या नावाने अभिमन्युस्वामी, अभिमन्युपूर. श्रीनगरमधलं दिद्दमर तिच्या दिद्दामठाचं नाव अजून सांगतं. मग एकेक नातू गेला. 973 मध्ये नंदिगुप्त, 975 मध्ये त्रिभुवनगुप्त. कल्हण जारणमारण म्हणतो. तिसरा भीमगुप्त थोडा मोठा होऊन कारभारात लक्ष घालू लागला, तेव्हा 980च्या सुमारास त्याला उघडउघड हाल करून मारलं. त्यानंतर तिने 1003 पर्यंत स्वतःच्या नावाने राज्य केलं.

मला जारणमारण पटत नाही, खून पटतात. तिला ‘काळाच्या पुढची स्त्री’ वगैरे म्हणून हे झाकणं मला जमत नाही. तीन पोरं गेली, आणि निदान तिसऱ्याच्या बाबतीत तरी शंकेला जागा नाही. पण कल्हणाच्या याच ग्रंथात उन्मत्तावंती नावाचा राजा आहे. त्याने बापाला मारलं, सावत्र भावांना उपाशी ठेवून मारलं. त्याला क्रूर राजा म्हणतात आणि पान उलटतात. दिद्दाला मात्र चेटकीण म्हणतात, आणि पुंछकडून आलेला तुंग नावाचा गुराखी तिने मुख्य मंत्री केला याची चर्चा खुनांपेक्षा जास्त रंगते. तिचा यार होता म्हणे. असेल. पण त्याने राजपुरीची, म्हणजे आजच्या राजौरीची, मोहीमही काढली आणि डामरांना, म्हणजे बड्या जमीनदारांना, वठणीवरही आणलं, ते कोण सांगणार?

आपल्याकडेही काही वेगळं नाही. मार्च 1700 मध्ये राजाराम महाराज गेले आणि चार वर्षांच्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून त्यांच्या राणी ताराबाईंनी औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. भाषणात, पोवाड्यात ही सात वर्षं असतात. पण त्या डिसेंबर 1761 पर्यंत जगल्या. नातू म्हणून रामराजाला त्यांनीच पुढे आणलं, 1750 मध्ये त्यालाच साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि 1752 मध्ये जेजुरीला खंडोबासमोर हा माझा नातू नव्हे अशी शपथ घेतली. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई नानासाहेब पेशव्याला घाम फोडते. हा भाग सांगताना लोकांची जीभ अडखळते. पोरगं कडेवर असलेली राणी हवी, ते वाढल्यावर किंवा मेल्यावर खुर्ची न सोडणारी नको.

दिद्दाने शेवटी वारस निवडला तो सासरचा नव्हे, माहेरचा. गोष्ट अशी सांगतात की भावाच्या मुलांसमोर तिने फळांचा ढीग टाकला आणि कोण जास्त गोळा करतो बघू म्हणाली. पोरं एकमेकांवर तुटून पडली, ओरबाडली गेली. संग्रामराजाकडे सगळ्यात जास्त फळं आणि अंगावर ओरखडा नाही. कसं रे, असं विचारल्यावर म्हणाला, त्यांना आपापसात झुंजवलं आणि बाजूला राहून वेचली. ही गोष्ट नंतर रचलेलीही असू शकते. पण 1003 मध्ये गादी एका घराण्याकडून दुसऱ्याकडे गेली आणि त्यासाठी तलवार उपसावी लागली नाही, इतकी तयारी तिने जिवंतपणी करून ठेवली होती.