२३ मार्च आणि आपल्या शेजारचा हेमू

मार्चचा तिसरा आठवडा आला की महाराष्ट्रातल्या माझ्या सगळ्या ग्रुपवर दोनच प्रकारचे निरोप येतात. एकात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना अभिवादन असतं. दुसऱ्यात २३ मार्चलाच येणाऱ्या पाकिस्तानच्या राष्ट्रदिनावरून भांडण असतं: दिल्लीतल्या त्यांच्या समारंभाला आपल्या मंत्र्याने जावं का, शुभेच्छांचं पत्र धाडावं का. दुबईत बसून हे वाचताना मला दरवर्षी वाईट वाटतं. १९२३ साली याच तारखेला सिंधमधल्या सक्खर इथे स्वातंत्र्यसैनिक हेमू कलानीचा जन्म झाला आणि त्याचं नाव या दोन्हींत कुठेच नसतं. चेंबूरला त्याच्या नावाचा रस्ता आहे. कल्याण-उल्हासनगरच्या पट्ट्यात वाढलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेक मराठी मुलांची त्याच्याशी ओळख तेवढीच.

ऑक्टोबर १९४२. 'चले जाव' ऐन भरात होतं. ब्रिटिश फौज आणि दारूगोळा घेऊन एक गाडी सक्खरवरून जाणार, अशी खबर हेमूला आणि त्याच्या सोबत्यांना लागली. रुळांच्या फिशप्लेटा, म्हणजे रूळ जोडणाऱ्या पट्ट्या, काढताना पहारेकऱ्यांनी पाहिलं. सोबती निसटले, हेमू सापडला. त्याने कुणाचं नाव सांगितलं नाही. २१ जानेवारी १९४३ ला त्याला फाशी झाली तेव्हा विसावं वर्ष पूर्ण व्हायला दोन महिने होते.

पण हेमूवर खटला चालला तो लष्करी कायद्याखाली, आणि सिंधमध्ये तो कायदा हेमूसाठी आलेला नव्हता. तो आला होता हुरांचं बंड मोडायला. सिंधचे धर्मगुरू पीर पगारो सिबगतुल्लाह शाह यांचे हे मुरीद, म्हणजे अनुयायी, इंग्रजांविरुद्ध हत्यार घेऊन उठले होते. हेमूनंतर दोनच महिन्यांनी, २० मार्च १९४३ ला, हैदराबाद सिंधच्या तुरुंगात पीर पगारोंना फासावर चढवलं. एक शाळकरी हिंदू मुलगा आणि एक मुसलमान पीर, दोघांचा जीव घेणारी राजवट एकच. आपल्याकडे हेमूच्या जयंतीला भाषण करणारे पीर पगारोंचं नाव घेत नाहीत, आणि त्याने हेमूची गोष्टही अर्धीच राहते.

राजकारणातही २३ मार्चची तीच तऱ्हा. १९४० साली या दिवशी लाहोरच्या अधिवेशनात मुस्लिम लीगचा वेगळ्या मुस्लिम राज्यांच्या मागणीचा ठराव मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी मंजूर झाला. सिंधचे सर अब्दुल्ला हारून यांनी त्याला पाठिंबा दिला. सगळा सिंध तिकडे झुकला होता असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सुमारे महिनाभरातच सिंधचेच नेते अल्लाबक्ष सुमरो दिल्लीत आझाद मुस्लिम परिषदेचे अध्यक्ष म्हणून उभे राहिले आणि त्यांनी फाळणीच्या मागणीला विरोध केला. १९४२ साली त्यांनी सरकारने दिलेल्या पदव्या परत केल्या, म्हणून गव्हर्नरने त्यांना सिंधच्या प्रधानपदावरून, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपदावरून, काढलं. १४ मे १९४३ ला शिकारपुरात त्यांचा खून झाला. मधल्या काळात, ३ मार्चला, सिंध विधानसभेने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला होता. तो मांडणारे जी. एम. सय्यद पुढे स्वतंत्र सिंधुदेशाची मागणी करत राहिले आणि आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनी कैदेत काढली.

माझ्या ऑफिसात पाकिस्तानी सिंधमधल्या लाडकान्याचा एक सहकारी आहे आणि उल्हासनगरच्या एक सिंधी बाई आहेत. दोघं सिंधीतच बोलतात. तो त्यांना 'अदी' म्हणजे ताई म्हणतो. हेमूचं नाव मी काढलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "तो तर आमच्या सक्खरचा." २३ मार्चच्या सुट्टीविषयीही त्याने जे सांगितलं ते आपल्या वादांत कधी ऐकलं नव्हतं. १९५६ साली याच तारखेला पाकिस्तान प्रजासत्ताक झालं तेव्हा नकाशावर सिंध नावाचा प्रांतच नव्हता. पश्चिम पाकिस्तानचे सगळे प्रांत एक करणाऱ्या 'वन युनिट' योजनेत तो आदल्या वर्षी पुसला गेला होता, आणि परत मिळायला १९७० उजाडावं लागलं. पुढे २०१२ साली सिंधी राष्ट्रवादी नेते बशीर कुरेशींनी सिंधच्या स्वातंत्र्याचा मोर्चा कराचीत काढला तो नेमका २३ मार्चला. दोन आठवड्यांनी ते वारले.

दुबईत बसून असं बोलणं सोपं आहे, हे मला मान्य आहे. इथे आम्हाला मत नाही, मोर्चा नाही, आणि इथलं नागरिकत्व मिळेल ही आशाही नाही. म्हणून लाडकाना आणि उल्हासनगर एका टेबलावर जेवू शकतात. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीच्या दंगलीनंतर ज्यांनी बोट पकडली आणि कल्याणच्या लष्करी बराकींत संसार मांडला, त्यांच्या घरात पाकिस्तानचं नाव कडवटपणे निघत असेल तर त्यांना समजावायला जाण्याचा मला अधिकार नाही. आमच्या त्या बाई स्वतः या विषयावर फार बोलत नाहीत, आणि मी विचारत नाही.

मात्र ज्यांनी ते काहीच सोसलं नाही अशा मराठी माणसांनी सिंध्यांना उपरं म्हणावं, हे मला मुळीच पटत नाही. १९३६ च्या १ एप्रिलपर्यंत सिंध आपल्याच मुंबई इलाख्यात होता. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेवर आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे. कराचीकरांनी ते ठेवलं. आपण हेमूला शाळेच्या पुस्तकात चार ओळी तरी द्यायला हव्या होत्या.

राजगुरू खेडचे. त्यांच्या हौतात्म्याचा दिवस आणि हेमूचा जन्मदिवस एकच आहे, तर राजगुरुनगरात आणि उल्हासनगरात पुढच्या वर्षीपासून दोघांची छायाचित्रं एका मंचावर लावावीत. सिंधी पंचायतींनी मराठीतून बोलणारा वक्ता आणावा, मराठी मंडळांनी खर्चाचा वाटा उचलावा. वक्त्याने पीर पगारोंना वगळू नये, आणि १४ मे रोजी अल्लाबक्ष सुमरोंवर वेगळं व्याख्यान व्हावं. इथल्या आमच्या मराठी मंडळींच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ऑफिसातले ते दोघंही यायला तयार आहेत.