मेंदूत अमायलॉइडचा ढीग, तरी बाई ठणठणीत कशी? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

"एकीकडे म्हणता अमायलॉइडमुळे अल्झायमर होतो, दुसरीकडे म्हणता मेंदूत ढिगाने अमायलॉइड असून बाई ठणठणीत होती, नक्की काय ते ठरवा. आणि जीन टेस्ट कशाला एवढं विचारून करायची?" असा तुमचा सूर आहे. चिडलात ते ठीक, पण मी दोन्ही वाक्यं मागे घेणार नाही. (अमायलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं एक प्रथिन.)

आधी ती बाई. कोलंबियात अँटिओकिया भागात एक प्रचंड गोतावळा आहे, त्यात प्रेसेनिलिन-1 या जीनमधला एक बिघाड पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, आईकडून किंवा बापाकडून एकदा आला की पुरतो, चव्वेचाळिशीच्या आसपास विसरणं सुरू आणि पन्नाशीपर्यंत डिमेन्शिया. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी या घरांच्या मागे अख्खी कारकीर्द घातली. त्यातल्याच अलिरिया पिएद्राइता दे विलेगास. बिघाड तोच, पण बाईंना विसरायला व्हायला लागलं ते थेट सत्तरीनंतर! स्कॅन केला तर अमायलॉइड भरपूर, टाऊ हे दुसरं प्रथिन मात्र त्या मानाने अगदीच कमी.

ग्यानबाची मेख इथेच आहे. अमायलॉइड साचतं पेशींच्या बाहेर, तेही लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून, टाऊच्या गाठी होतात पेशींच्या आत, आणि माणसाचं किती बिघडलंय हे टाऊ कुठवर पसरलाय त्याच्याशी जास्त जुळतं. म्हणजे सुरुवात अमायलॉइडने होते आणि तरी नुसत्या अमायलॉइडने माणूस विसरत नाही, यात विरोध कुठे आला?

त्यांना वाचवलं कशाने, तर 2019 च्या पेपरनुसार बहुधा एपीओई जीनमधल्या क्राइस्टचर्च नावाच्या दुर्मिळ बदलाने, आणि तोही दोन्ही प्रतींमध्ये. म्हणजे बघा, ज्या एपीओईच्या ई4 प्रकाराने अल्झायमरचा धोका वाढतो म्हणून आपण सगळे घाबरतो, तोच जीन.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांना पंचाहत्तरीत अल्झायमर झालाय असं लिहिलंयत, ती गोष्ट कोलंबियासारखी, एका बिघाडाने ठरून गेलेली, सहसा नसते हो. ई4 ची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, हे आकडेही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेले, आणि ई4 असून म्हातारपणी तल्लख असलेली माणसं आहेत, नसून आजारी पडलेलीही आहेत.

टेस्ट करूच नका असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेकानेमॅबसारखं अमायलॉइड काढणारं औषध द्यायचा विचार असेल तर आधी एपीओई बघायलाच हवं, कारण ई4 च्या दोन प्रती असणाऱ्यांना मेंदूत सूज यायचा, रक्तस्राव व्हायचा धोका जास्त असतो. तिथे रिपोर्टवरून डॉक्टरचा निर्णय बदलतो. पण चाळिशीत, काहीही होत नसताना, घरबसल्या थुंकीचं सँपल पाठवून ई4 निघाला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून वेगळं नेमकं काय करणार आहात? बीपी, शुगर, कानाचं मशीन, चालणं, हे तर ई4 नसलं तरी बघायचंच आहे ना.