मंडप पाहुण्यांना, ऊन पोरांना

आत्ता पालकांच्या ग्रुपवर क्रीडा महोत्सवाचे फोटो आले. मंडपात पाहुणे, गळ्यात हार, पुढ्यात पाण्याच्या बाटल्या. आणि समोर आठवी-नववीची पोरं उघड्या डोक्यानं, डोळे बारीक करून रांगेत उभी. खाली अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं माझं.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीची पंधराशे मीटरची शर्यत सकाळी नऊला होती. पाहुणे उशिरा आले, मग दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं. पोरगी धावली साडेबाराला. कोल्हापुरात सूर्य डोक्यावर येतो तीच वेळ. टोपी दप्तरात होती. "काका, टोपी घातली तर संचलनातून काढतो म्हणाले." रात्री मानेला कॉलर टेकू देईना, एवढी लालभडक. पुढं नाकाचं कातडं सुटलं.

"आम्ही नाही का खेळलो उन्हात?" हे ऐकून कान किटले. अहो, आपल्या तालमीतली पोरं पहाटेच्या अंधारात जोर-बैठका मारतात. ताकद कशी कमवायची हे ज्यांना कळतं, ते भरदुपारी मेहनत करत नाहीत. कोवळं ऊन अंगाला लागतं, मान्य. पण दहा ते चारचं ऊन कोवळं नसतं. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली की अतिनील किरणांचा जोर वाढलाय असं समजायचं. थंडी असो, वर पातळ ढग असोत, ते किरण येतातच. सावळ्या कातडीलाही ते भाजतात.

आणि सनस्क्रीन लावलेल्या पोराला "मेकअप करून आलास काय" म्हणणाऱ्यांचा तर मला संताप येतो. एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो तो बाटलीवरचा आकडा, ३० किंवा जास्तीचं, मैदानावर जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं. कान आणि मानेची मागची बाजू विसरायची नाही. दर दोन तासांनी परत, घाम आला तर त्याआधीच. पुतणीच्या मानेला हे कुणी लावू दिलं असतं?

खेळाच्या सरांवर माझा राग नाही. ते बिचारे एकटेच चुन्याच्या रेषा मारण्यापासून प्रमाणपत्रं लिहिण्यापर्यंत राबतात. सगळ्यांना सनस्क्रीन पुरवायला शाळेकडं पैसे नसतात, हेही खरं. पण टोपीला परवानगी द्यायला पैसे लागत नाहीत. लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी सातला उरकायला लागत नाहीत. भाषणं बक्षीस समारंभात ठेवायलाही नाहीत. आणि मंडप एकच परवडत असेल, तर तो पोरांच्या डोक्यावर घाला. पाहुणे बसतील तासभर उन्हात.

पुढच्या पालकसभेत मी हे उठून मांडणार आहे. सोबत कोण येतंय, खाली लिहा.